सायबाला निरोप

जुन्या गोव्याला सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला पायी जायचं म्हणून सावंतवाडीहून पहाटेच्या अंधारात रोझरी म्हणत निघालो. बांदा, पत्रादेवी कधी मागे पडलं, कळलंही नाही. पुढच्या गोष्टींचा क्रम आता नीट सांगता येत नाही. लख्ख आठवते ती कोलवाळच्या पुलाअलीकडची दुपार.

डाव्या टाचेचा फोड फुटून मोजा कातडीला चिकटला होता. पुढून सायबाचं गीत ऐकू यायचं आणि तेही नकोसं व्हायचं. "चल गो, म्हापसा गाठूक व्हया," असं सारखं ओरडणाऱ्या आमच्या म्होरक्याचा तर संताप आला होता. हातात जपमाळ आणि मनात हे!

शेवटी रस्त्याकडेच्या एका घराच्या पायरीवर टेकले. दारात तुळस होती. आतून एक म्हातारी आली, पायाकडे बघितलं आणि काही न विचारता टोपात मिठाचं कोमट पाणी घेऊन आली.

"पाय हांगा दवर गो बाये."

मी पाय मागे घेतला. "नको आजी, मी धुते." माझ्या आईहून मोठी बाई, आणि माझ्या पायाला रक्त आणि दिवसभराची धूळ. पण ती खाली बसलीच होती. तिने पाय ओढून पाण्यात घेतला. मीठ झोंबलं, आणि मला रडू फुटलं.

पवित्र गुरुवारी फादर बाराजणांचे पाय धुतात, ते मी लहानपणापासून बघते. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय, येशू शिष्यांचे पाय धुतो तो, धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतेही. सेवा करा, एवढंच त्यातून मुलांना सांगत आले. त्यातला शिष्य पेत्र आधी नको म्हणतो ते कशामुळे, ते त्या पायरीवर कळलं. पाय पुढे करायचा, बस. एवढ्या साध्या गोष्टीला माझं मन तयार नव्हतं.

तिने जुन्या लुगड्याची पट्टी बांधली, पेज दिली. "सायबाक म्हजो नमस्कार सांग."

म्हापसा, पर्वरी, रायबंदर, सगळं पायाखालून गेलं. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात मुंगीलाही वाट नव्हती. १५४२ साली गोव्यात आल्यावर हाच सायब रस्त्यांतून घंटा वाजवत पोरं गोळा करायचा, त्यांना प्रार्थना चालीवर शिकवायचा. रांगेत मला ती घंटाच आठवत राहिली. त्याचं शव ठेवलेली चांदीची पेटी लांबूनच दिसली. नवेनाभर, फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, मनात जपलेली मागणी ओठांवर येईना. आजीचा नमस्कार तेवढा सांगितला. नाव विचारायचं राहून गेलं होतं. म्हटलं, कोलवाळच्या पुलाअलीकडे, तुळस असलेलं घर.