रिपोर्ट ‘नॉर्मल’, आजार मात्र घराण्यातला

आईचा तोल जायला लागला, तेव्हा ती वयाला दोष देत होती. पण आजीचं असंच झालं होतं, मामाचंही. न्यूरॉलॉजिस्टनी एक्झोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकांतले प्रथिनं घडवणारे भाग वाचणारी डीएनए चाचणी, करायला सांगितलं. रिपोर्ट आला : आजाराशी संबंधित बदल आढळला नाही. घरचे खूश. मला काही पटेना. तिघांची चाल सारखीच बिघडते आणि जनुकांत काहीच नाही?

जेनेटिक काउन्सेलरने रिपोर्ट बाजूला ठेवून आधी वंशावळ काढायला लावली. कोणाला झालं, कितव्या वर्षी, बोलणं आधी अडखळलं की चालणं. मामाला आजीपेक्षा बऱ्याच लवकर सुरुवात झाली होती, हे कागदावर मांडल्यावरच लक्षात आलं. मग तिने रिपोर्टच्या शेवटची बारीक अक्षरं वाचून दाखवली. एक्झोममध्ये डीएनएचे छोटे तुकडे वाचतात. तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येऊन लांबलेला पट्टा त्यात नीट मोजता येत नाही. आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरणारे बरेचसे अटॅक्सिया, म्हणजे तोल आणि हालचालींवरचा ताबा सुटण्याचे आजार, नेमके असा पट्टा वाढल्यानेच होतात! म्हणजे रिपोर्ट खोटा नव्हता, आमचा प्रश्न त्याला विचारलाच गेला नव्हता.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी आईला नजर एका बोटावरून दुसऱ्या बोटावर झटकन न्यायला सांगितली. नजर रेंगाळत सरकली. एवढ्यावरून त्यांना एससीए २ चा (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया टाइप २, याच आजारांतला एक प्रकार) संशय आला. त्यासाठी वेगळी पीसीआर चाचणी असते, डीएनएच्या तेवढ्याच भागाच्या भरपूर प्रती काढून तो मोजणारी. १२ व्या गुणसूत्रावरच्या एटीएक्सएन २ जनुकात सीएजी ही अक्षरं साधारण ३१ वेळांपर्यंत आली तर चालतं, ३३ पासून आजार धरतात. आईची निघाली ३९.

आजार थांबवणारं औषध नाही. फिजिओथेरपी आणि बोलण्याचे व्यायाम सुरू आहेत, त्यांचा उपयोग होतो. निदान नव्या नव्या तपासण्यांचा फेरा तरी संपला.

आता आमची पाळी. आईकडून वाढलेल्या पट्ट्याचा तो जनुक येण्याची शक्यता प्रत्येक अपत्याला ५० टक्के. लक्षणं नसताना चाचणी करायची तर आधी समुपदेशन, मग रक्त, आणि निकाल समोरासमोर. लहान मुलांची अशी चाचणी करत नाहीत, हे मला योग्यच वाटतं. मी तूर्तास नको म्हटलंय, तोही हक्क असतोच. भाऊ करून घेणार आहे. त्याच्या निकालावरून माझं काहीच कळणार नाही, हे मावशीला समजावणं अजून चालू आहे.