पहिला तास: पिशवी घरी आल्यावरचा आणि जेवणं झाल्यावरचा

घरातलं अन्न वाया जातं ते बहुतेक दोनच वेळी. बाजारातून आणलेली पिशवी तशीच ओट्याखाली राहते तेव्हा, आणि रात्री जेवणं आटोपल्यावर भात कुकरमध्येच, वरण पातेल्यातच झाकून ठेवलं जातं तेव्हा. सकाळी आपण डोकं खाजवतो की या उरलेल्याचं काय करायचं. पण त्याचं काय होऊ शकतं हे रात्रीच ठरून गेलेलं असतं. म्हणून शिळ्याच्या पाककृती सांगण्याआधी बाजाराबद्दल, आणि नाशिकचा बाजार म्हटला की आधी कांद्याबद्दल.

आपल्याकडे कांदा बारा महिने मिळतो, त्यामुळे तो बारा महिने एकच आहे असं वाटतं. पावसाळ्यात लावलेला पोळ कांदा दिवाळीच्या आगेमागे यायला लागतो, त्यामागून जानेवारी ते मार्च रांगडा येतो, आणि मार्चअखेरपासून मेपर्यंत उन्हाळ कांदा निघतो. हाच उन्हाळ शेतकऱ्याच्या कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर छपरात राहून पुढे दिवाळीपर्यंत आपल्याला पुरतो. पोळ म्हणजे आपला लाल कांदा. त्यात पाणी जास्त, मान जाड, वरची साल पातळ. तो घरात आठ-दहा दिवसांच्या वर ठेवायचा नाही, एका वेळी दोन किलो पुरे. उन्हाळ कांद्याची मान बारीक आणि सुकलेली असते, अंगावर कोरडे दोन-तीन पापुद्रे असतात. एप्रिल-मेमध्ये गोणीभर घ्यायचा असेल तर तो हाच.

घेताना कांद्याचा रंग बघण्याआधी मान दाबून बघा. मान मऊ लागली तर तो आतून खराब व्हायला लागलाय, भले बाहेरून चकचकीत दिसो. सालीखाली काळी पूड दिसली तर ती बुरशी असते. ती वरच्या एक-दोन थरांपुरतीच असेल तर ते थर काढून, कांदा धुऊन वापरता येतो. आतला थर बुळबुळीत झाला असेल किंवा वास येत असेल तर मात्र टाकून द्यायचा. जोडकांदा आणि डेंगळा (फुलाचा दांडा) आलेला कांदा साठवणीसाठी घेऊ नये. लगेच वापरायला चालतो.

घरी आल्यावर कांदा प्लास्टिकच्या पिशवीतून काढून टोपलीत किंवा जाळीत, वारा लागेल असा मोकळा ठेवायचा. बटाट्याशेजारी ठेवायचा नाही, कारण बटाट्यातून सुटणाऱ्या ओलाव्याने कांद्याला कोंब येतात. बटाटा अंधारात ठेवावा. उजेडात तो हिरवा पडतो आणि तो हिरवा भाग कडू तर लागतोच, शिवाय तो पोटात जाणंही चांगलं नाही. थोडा हिरवा असेल तर खोलवर कापून काढा, सगळाच हिरवा असेल तर टाकून द्या. कोंब आलेला कांदा मात्र टाकायचं काही कारण नाही. कोंब पातीसारखा चिरून झुणक्यात घाला, कांदा आधी वापरून टाका.

आता हे सगळं स्वयंपाकात कुठे दिसतं? लाल कांदा परतताना आधी त्याचं पाणी आटतं, मग रंग धरायला लागतो. म्हणून उन्हाळ कांद्याच्या सवयीने पाच-सहा मिनिटांत वाटण भाजायला गेलात की ते कच्चं राहतं, आणि रश्शाला गोडसर-उग्र वास येतो. काळ्या रश्शासाठी लाल कांदा सालीसकट थेट गॅसवर, बाहेरून पूर्ण काळा होईपर्यंत भाजा. पाणी आतल्या आत आटतं आणि धुराचा वासही लागतो. कांदाभज्यांना उलट लाल कांदाच सरस. उभा पातळ चिरून मीठ चोळून दहा मिनिटं ठेवला की त्याच्याच पाण्यात मावेल तेवढं बेसन घालायचं, वरून पाण्याचा थेंबही नको. उन्हाळ कांदा असेल तर चमचा-दोन चमचे पाण्याचा हबका लागतो. भजी मऊ पडतात ती बहुतेक या अंदाजातल्या चुकीने.

पालेभाजीच्या बाबतीत पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून किंवा गणेशवाडीतून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या आणल्या की आधी त्यांचं बंधन सोडायचं. बांधलेली जुडी आतून गरम होते आणि मधली पानं आधी सडतात. पिवळी पानं आणि मुळं काढा, धुऊ नका, सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. कोथिंबीर अशी पाच-सहा दिवस सहज राहते. पावसाळ्यात जुडी ओलीच येते, तेव्हा गुंडाळण्याआधी तासभर पंख्याखाली पसरावी. निवडून उरलेल्या कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या पानांपेक्षा जास्त वासाच्या असतात, त्या ठेच्यात आणि वाटणात घाला. मेथीचे जाड देठ मात्र कडू आणि चोथट. ते ठेवण्यात अर्थ नाही.

गिलकी (घोसाळी) आणि दोडकी घेताना जाडी पाहायची नाही, वजन पाहायचं. आकाराच्या मानाने हलकं, पोकळ लागलं तर आत जाळी धरलेली असते. वांग्याचं उलटं आहे. सारख्या आकाराच्या दोन वांग्यांतलं हलकं घ्या, जड वांग्यात बिया जास्त. दोडका, दुधी, काकडी चिरली की आधी एक छोटा तुकडा जिभेवर ठेवून बघायचा. दुधी कडू निघाला तर मसाला घालून कडवटपणा दडवू नका आणि पैसे गेले म्हणून तो खाऊही नका. कडू दुधीने जोरदार उलट्या-जुलाब होतात, त्याचा रस तर अजिबात घेऊ नये.

दोडक्याच्या शिरा उद्यासाठी ठेवून चालत नाही, त्या लगेच भाजाव्या लागतात. दोन दोडक्यांच्या शिरा बारीक चिरून एक चमचा तेलात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, मोडल्यावर आवाज येईल इतक्या कोरड्या भाजा. त्याच कढईत तीन चमचे तीळ, दोन चमचे किसलेलं सुकं खोबरं, पाच लसणीच्या पाकळ्या आणि तीन-चार सुक्या मिरच्या वेगवेगळ्या भाजून घ्या. सगळं पूर्ण गार झाल्यावर मीठ घालून जाडसर कुटा. शिरा किंचित ओल्या राहिल्या तर चटणीचा गोळा होतो आणि दुसऱ्या दिवशीच तिला वास येतो. कोरडी झाली तर चार-पाच दिवस बरणीत छान राहते.

टोमॅटो थोडे कच्चे असतील तर बाहेरच ठेवा, फ्रीजच्या गारठ्यात ते पिकत नाहीत आणि त्यांचा वासही मरतो. पिंपळगावच्या बाजारातून लांबच्या गावांना जातो तो टोमॅटो जाड सालीचा, घट्ट आणि कमी आंबट असतो. तो कोशिंबिरीला उत्तम, पण साराला गावठी चपटाच पाहिजे. द्राक्षांचं एवढंच, देठ हिरवे असतील तरच घ्या, आणि धुवायची ती खायच्या वेळी.

आता दुसरा तास, जेवणानंतरचा.

सगळ्यात जास्त काळजी भाताची घ्यायला हवी, आणि नेमकी त्याचीच आपण घेत नाही. तांदळात असे जंतू असतात ज्यांची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट असा रात्रभर राहिला की ती वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास असताना बंद कुकरमध्ये ठेवलेला भात म्हणजे त्यांना आयतं आमंत्रण. उरलेला भात परातीत पसरून गार करा, दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा, आणि एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करा. पसरण्याचा दुसरा फायदा असा की घोटी-इगतपुरीकडचा इंद्रायणी चिकट असतो. तो ढिगात गार झाला तर त्याची ढेकळं होतात, पसरला तर शितं मोकळी राहतात. नव्या तांदळाला जुन्यापेक्षा वाटीमागे पाव वाटी पाणी कमी घातलं तर अर्धी अडचण तिथेच मिटते.

फोडणीच्या भाताला भात गारच हवा. फ्रीजमध्ये शितं कडक होतात, म्हणून परतताना मोडत नाहीत. कोमट भात घेतला की लगदा ठरलेला. दोन वाट्या भाताला दीड चमचा तेल. आधी मूठभर शेंगदाणे तळून बाजूला काढा. त्याच तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, दोन मिरच्या आणि एक कांदा. कांदा पारदर्शक झाला की हळद, आणि हळद तेलात चांगली दहा सेकंद परतल्याशिवाय भात घालू नका, नाहीतर कच्ची लागते. मीठ चमचाभर पाण्यात विरघळवून भातावर शिंपडायचं. कोरडं मीठ गार भातात सारखं पसरत नाही आणि ते पाणी वाफेलाही उपयोगी पडतं. झाकण ठेवून मंद आचेवर तीन मिनिटं, मग शेंगदाणे.

भात मुळातच गिजगा झाला असेल तर त्याला फोडणी देण्याच्या फंदात पडू नका. एक वाटी भात हाताने कुस्करून त्यात अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, पाव वाटी बेसन, बारीक कांदा, तिखट, ओवा, मीठ घाला. सुरुवातीला पाणी घालू नका. मळताना भाताचा ओलावा सुटतो आणि आधीच पाणी घातलं तर पिठावर पीठ घालत बसावं लागतं. गार तव्यावर तेल लावून थालीपीठ थापा, मध्ये भोक पाडा, झाकून चार मिनिटं, उलटून न झाकता तीन. उरलेली कोरडी भाजी किंवा घट्ट उसळही याच पिठात जाते, फक्त तिच्यात मीठ-तिखट आधीच आहे हे लक्षात ठेवून वरून घालायचं निम्मं करा.

वरणाचं रात्रीच एक काम केलं तर सकाळ सोपी होते. फोडणी घालण्याआधी जास्तीचं साधं वरण वेगळं काढून ठेवा. साध्या वरणाची आमटी होते, वरणफळं होतात, त्यातच कणीक भिजवून दशम्या होतात. चिंच-गूळ पडलेल्या आमटीचं एवढं काही होत नाही. वरणफळांना दीड वाटी वरण असेल तर दोन वाट्या पाणी वाढवा. कमी वाटलं तरी कमी करू नका, कारण फळं पाणी पितात आणि मग बूड करपतं. एक वाटी कणीक, हळद, ओवा, मीठ, चमचाभर तेल घालून घट्ट भिजवा, पोळीपेक्षा जाड लाटून शंकरपाळ्यासारखी कापा. वरणाला खळखळून उकळी असतानाच एकेक फळ सोडायचं. उकळीआधी टाकली की सगळी एकमेकांना चिकटतात. दहा-बारा मिनिटं झाकून शिजू द्या, वरून तूप. वरणावर बारीक बुडबुडे दिसले, चमच्याला तार आली किंवा आंबूस वास आला, तर चव घेऊन बघायचीही गरज नाही, टाकून द्या.

रात्रीच्या पोळ्या घट्ट डब्यात ओलसर राहतात. त्यांचा कुस्करा करायचा तर सकाळी अर्धा तास उघड्यावर सुकू द्या. मऊ पोळी मिक्सरमध्ये घातली तर भुगा होत नाही, पात्याभोवती गोळा होतो. हाताने केलेला भुगा लहान-मोठा असतो, आणि मला तोच जास्त आवडतो. चार पोळ्यांना एक मोठा कांदा, दोन चमचे तेल आणि तीन-चार चमचे ताक. ताक एका जागी ओतू नका, हाताने शिंपडा, मग दोन मिनिटं झाकण. लाडू करायचे तर भुगा तव्यावर कोरडा, हलका कुरकुरीत होईपर्यंत भाजा. दोन वाट्या भुग्याला अर्धी वाटी चिरलेला गूळ आणि दोन-तीन चमचे पातळ तूप. हे लाडू त्याच दिवशी संपवायचे.

बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा, नंतर ते कडवट होतं आणि त्या पिठाची भाकरी शिळी झाल्यावर कडवटपणा आणखी जाणवतो. पेठ-सुरगाण्याकडची नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी उकड काढून केली असेल तर सकाळपर्यंत मऊ राहते, नुसत्या गार पाण्यात भिजवलेली चिरते.

काळ्या मसाल्याचा रस्सा उरला असेल तर दुसऱ्या दिवशी त्याची शेवभाजी करा. रस्सा गरम पाण्याने सैल करून चांगला उकळायचा. जाड तिखट शेव ताटात वाढताना घालायची, पातेल्यात नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटण जास्तीचं करून ठेवत असाल तर पाणी न घालता वाटा, तेल सुटेपर्यंत परता, गार करून डब्यात भरा. फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस टिकतं. ओला चमचा घातलात तर दोनच दिवस.

ताक आंबलं की कढी. फार आंबट असेल तर तासभर न हलवता ठेवा, वर आलेलं पाणी ओतून तेवढंच ताजं पाणी घाला. दोन वाट्या ताक, एक वाटी पाणी, दीड चमचा बेसन, गॅसवर ठेवण्याआधीच घुसळून घ्या. पहिली उकळी येईपर्यंत हात थांबवू नका आणि मीठ शेवटी घाला. कढी फुटते ती घाईने मोठ्या आचेवर ठेवून पाठ फिरवल्यामुळे. आलं, मिरची, जिरं, कढीपत्त्याची फोडणी. रात्रीची बाजरीची भाकरी उरलीच असेल तर ती गरम कढीत कुस्करून पाच मिनिटं झाकून ठेवा, बरोबर लाल कांदा बुक्कीने फोडून.