घरातली संध्याकाळची प्रार्थना टिकवायची कशी

ख्रिस्ती घरात विश्वास केंद्रस्थानी आहे की नाही, हे रविवारच्या उपासनेपेक्षा मंगळवारी रात्री साडेआठला जास्त कळतं. नव्या वर्षाच्या उपासनेहून परतल्यावर अनेक घरांत कौटुंबिक प्रार्थना उत्साहाने सुरू होते. महिनाभराने ती विस्कटते, आणि ईस्टर येईपर्यंत जेवणाआधीचे दोन शब्द तेवढे उरतात. याला श्रद्धा कमी पडली असं म्हणून लोक स्वतःलाच दोष देत बसतात. बहुतेक वेळा वेळ चुकीची निवडलेली असते, वाचन लांबलेलं असतं आणि प्रार्थना त्याहून लांबलेली असते. तिन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात.

आधी वेळ. "सगळे निवांत असतील तेव्हा" बसायचं ठरवलं तर कधीच बसणं होत नाही. प्रार्थना घरात रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधायची. आमच्याकडच्या स्वयंपाकघरांत याला सर्वात सोयीची जागा म्हणजे रात्रीचा कुकर बंद केल्यानंतरची वेळ. प्रेशर आपोआप उतरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तोवर पानं घेता येत नाहीत आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसाचे हात मोकळे असतात. पोळ्या त्याआधी झालेल्या हव्यात. आई ओट्यापाशी उभी राहून तिथूनच "आमेन" म्हणते आहे, ही पद्धत बंद करा. जी व्यक्ती घर चालवते तिलाच प्रार्थनेत बसायला मिळत नसेल तर ती घरची प्रार्थना कसली! जेवणानंतरची वेळ ऐकायला बरी वाटते, पण तेव्हा भांडी पडलेली असतात, लहान मुलं पेंगतात आणि मोठ्यांचा हात फोनकडे जातो. घरात कोणी तीन पाळ्यांत काम करत असेल तर त्या आठवड्यापुरती वेळ सकाळच्या चहाला न्या. वेळ बदलली तरी चालेल, फक्त ती कशाला तरी बांधलेली असू द्या.

लांबी वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. गीताला चार, वाचनाला पाच, त्यावर बोलायला चार, प्रार्थनेला पाच आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. वसईच्या कॅथलिक घरांकडून इथे शिकण्यासारखं आहे. जपमाळेची पाच दशकं, प्रत्येक दशकात एकदा प्रभूची प्रार्थना, दहा वेळा नमो मरिया आणि शेवटी त्रैक्याचा गौरव. कोणत्या वारी कोणती रहस्यं (येशू आणि मरियेच्या आयुष्यातले मनन करायचे प्रसंग) हेही ठरलेलं. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, आणि २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी सुचवल्यापासून गुरुवारी प्रकाशाची. आज काय करायचं, हा प्रश्नच उरत नाही. दमलेल्या संध्याकाळी ठरलेला क्रम माणसाला सावरतो. प्रॉटेस्टंट घरांत मोकळ्या प्रार्थनेचं स्वातंत्र्य आहे, ते मोठं धन आहे. पण त्या स्वातंत्र्यापायी रोज नव्याने सगळं ठरवावं लागतं आणि तिथेच दम निघतो.

आता वाचन. सर्वात जास्त घरं इथे अडकतात. एक जानेवारीला पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, रोज एक अध्याय सुरू केला, तर उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० संपून १ एप्रिलला तिसरं पुस्तक, लेवीय, उघडतं. रोज तीन अध्याय घेतले तर तेच ३१ जानेवारीला. निर्गमाच्या उत्तरार्धातला निवासमंडप (देवाच्या उपासनेचा तंबू) आणि लेवीयातले यज्ञ यांत दहा वर्षांचं मूल रमत नाही, आणि मोठेही माना डोलावत राहतात. लेवीय वाचू नका असं मुळीच म्हणायचं नाही, ते वैयक्तिक वाचनात घ्या. संपूर्ण पवित्र शास्त्र वर्षात वाचायचं असेल तर जुन्या आणि नव्या करारांचे मिळून ११८९ अध्याय होतात. रोज तीन आणि रविवारी पाच असा हिशेब धरला की वर्षात बसतात. पण हा ज्याचा त्याने पाळायचा नेम आहे. चौघांनी मिळून बसताना अध्याय मोजू नयेत, प्रसंग मोजावेत. दहा ते वीस वचनांचा एक प्रसंग पुरतो.

सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून (येशूच्या चार चरित्रांपैकी एक) करा. सोळा अध्याय आहेत, आणि रोज साधारण पंधरा वचनं घेतली तर दीड महिन्यात पुस्तक पूर्ण होतं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार धरून ४६ दिवस असतात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाला हे माप नेमकं बसतं. डिसेंबरमध्ये एक तारखेपासून लूकच्या शुभवर्तमानाचा रोज एक अध्याय वाचून नाताळच्या आदल्या रात्री चोविसावा गाठायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. छान आहे, पण लूकचा पहिलाच अध्याय ८० वचनांचा आहे. एकाने वाचला तर पहिल्याच दिवशी मुलं हातातून जातात, म्हणून तो नोव्हेंबरच्या शेवटच्या तीन दिवसांत वाटून घ्या. ३१ दिवसांच्या महिन्यात नीतिसूत्रे या पुस्तकाचे ३१ अध्याय घेता येतात. मात्र पूर्ण अध्याय मोठ्याने वाचण्यापेक्षा त्यातली चार-पाच वचनं निवडून वाचलेली बरी.

वाचायचं कसं, यावर फारसं कोणी बोलत नाही. एकेक वचन फिरवत वाचायची सवय सगळीकडे आहे. त्यात प्रत्येक जण आपलं वचन कधी येतं हे मोजत राहतो आणि गोष्ट तुटते. त्यापेक्षा भूमिका वाटून घ्या. मार्कच्या दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तीमय घ्या, ४६ ते ५२, फक्त सात वचनं. निवेदन एकाकडे, बार्तीमयाचं ओरडणं मुलाकडे, प्रभू येशूचे शब्द आजोबांकडे, आणि त्याला गप्प करणारी व नंतर "धीर धर" म्हणणारी गर्दी उरलेल्यांकडे. मुलाला खरंच ओरडू द्या, कारण मजकुरात तो आणखी मोठ्याने ओरडतो असंच लिहिलं आहे. मग एक्कावन्नाव्या वचनापाशी थांबा. मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे, असं प्रभू त्या आंधळ्याला विचारतो. तोच प्रश्न वाचन संपल्यावर प्रत्येकाला विचारा आणि ज्याचं त्याला उत्तर देऊ द्या. बोलण्याची चार मिनिटं त्यात कशी गेली कळत नाही, आणि पुढच्या प्रार्थनेला विषयही मिळतो.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांची अडचण खरी आहे. त्यांना देवनागरी अडखळत वाचता येतं आणि सगळ्यांसमोर अडखळायला लाज वाटते. म्हणून मराठी सोडू नका, त्यांना दोनच ओळी द्या आणि त्या दुपारीच दाखवून ठेवा. "नीतिमान", "पाचारण", "तारण" असे शब्द आधीच एकदा समजावले की वाचताना ठेच लागत नाही. वाचणाऱ्या मोठ्या माणसानेही उतारा आधी एकदा मनात वाचलेला असावा.

गीताच्या बाबतीत एकच गीत पंधरा दिवस ठेवा. वर्षाला चोवीस गीतं तोंडपाठ होतात, आणि पाठ असलेलं गीत पुढे दवाखान्यातही म्हणता येतं. कडवी दोनच घ्या. पट्टीची चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते: वडील आपल्या सोयीच्या सुरात ध्रुवपद सुरू करतात, अंतरा वर चढतो आणि तिथे बाकीच्यांचा आवाज फाटतो किंवा बंद पडतो. आधी अंतऱ्यातला सर्वात वरचा सूर गुणगुणून बघा, तो सगळ्यांना आरामात लागला की मग पट्टी धरा. पेटी नसली तरी चालतं, टाळ पुरतो. उपासना संगीतातल्या पाश्चात्त्य चालींबरोबर अभंगही घ्या. इंग्रज मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत, कारण ओवी इथल्या लोकांच्या तोंडात होती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाची आणि भजनाची वाट मोकळी करून दिली. ही आपली मिळकत आहे, आणि ती मुलांपर्यंत घरातूनच पोचेल.

प्रार्थनेत जे बिघडतं ते सर्वात नाजूक आहे. "हे प्रभू, हिला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाइलपासून दूर ठेव." मूल डोळे मिटून बसलेलं असतं, उत्तर देऊ शकत नाही, आणि त्याला देवासमोर ओरडा बसतो. अशा चार प्रार्थना झाल्या की ते मूल प्रार्थनेची वेळ टाळायला शिकतं. घरात एक नियम करा: समोर बसलेल्या माणसाच्या उणिवा प्रार्थनेत आणायच्या नाहीत. त्याच्याबद्दल उपकार मानायचे, आणि त्याने स्वतः सांगितलेली विनंती तेवढी मांडायची. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी बसावं ही अपेक्षा ठेवा, मोठ्याने प्रार्थना करण्याची सक्ती करू नका. ती "आमेन" म्हणाली तरी पुष्कळ झालं. त्यांनी अवघड प्रश्न विचारला तर घाईने उत्तर देऊन तो मिटवू नका, लिहून ठेवा आणि चर्चच्या पाळकांना विचारा.

दुसरी चूक लांबीची. सगळी मंडळी (चर्चमधली माणसं), सगळे नातेवाईक आणि सगळे आजारी एकाच संध्याकाळी आठवले जातात. वार वाटून घ्या: सोमवारी नातेवाईक, मंगळवारी आजारी, बुधवारी मंडळी आणि पाळक, गुरुवारी शेजारी आणि कामाची जागा, शुक्रवारी अडचणीत सापडलेली घरं, शनिवारी उद्याची उपासना, रविवारी फक्त उपकारस्तुती. दिवसाला पाचपेक्षा जास्त नावं नकोत. एक साधी वही ठेवा. डाव्या बाजूला तारीख आणि विनंती, उजवी बाजू रिकामी. उत्तर मिळालं की तिथे तारीख टाकायची. वर्षाअखेरीस ती वही वाचली की उपकारस्तुतीला शब्द शोधावे लागत नाहीत. उजवीकडे काही जागा रिकाम्याच राहतात, त्यांवर कागद चिकटवू नका. मुलांनी त्याही पाहाव्यात. मात्र दुसऱ्याच्या घरातलं खाजगी प्रकरण वहीत लिहायचं नाही. "त्यांच्यासाठी प्रार्थना करू या" म्हणत म्हणत कुचाळकी कधी सुरू होते ते कळत नाही.

नवरा-बायकोचं भांडण झालेल्या संध्याकाळी काय करायचं? वेदीवर अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो. समेट झाला तर उत्तमच. नसेल झाला तर त्या दिवशी दोघांपैकी कोणीच मोकळी प्रार्थना करू नये, कारण तिला बोच येते. मुलांपैकी कोणी स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र वाचावं आणि सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हणावी. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" ही ओळ त्या रात्री आपलं काम करते.

खाडा पडतोच: परीक्षा, लग्न, दवाखाना, गावाला जाणं. तीन दिवस राहिले म्हणून चौथ्या दिवशी चार दिवसांचं वाचायला बसू नका. त्या थकबाकीनेच नेम कायमचा मोडतो. आजचा उतारा घ्या आणि पुढे चला. अगदी वाईट दिवसांसाठी तीन मिनिटांचा क्रम तयार ठेवा. उभ्यानेच एक छोटं स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, आमेन. तेविसावं सहा वचनांचं आहे, एकशे एकविसावं आठ, एकशे सतरावं तर दोनच. १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रं यात्रेकरूंची, त्यामुळे प्रवासाला आणि दवाखान्यातल्या रात्रींना ती फार उपयोगी पडतात. १३२ सोडलं तर सगळी लहान आहेत.

पाहुणे आले म्हणून प्रार्थना रद्द करायची गरज नसते. आपल्यापैकी अनेकांचे मामा-मावशी, आत्या हिंदू आहेत. "आमची थोडा वेळ प्रार्थना असते, बसलात तरी आनंद, नाहीतर आतल्या खोलीत पंखा लावून देतो," एवढं सरळ सांगावं. त्या दिवशी वाचन नेहमीचंच ठेवावं. पाहुण्याला ऐकवण्यासाठी म्हणून खास उतारा काढला की त्याला ते लगेच जाणवतं आणि पुन्हा यायला तो कचरतो.

मुलगा किंवा मुलगी परगावी असेल तर व्हिडिओ कॉलवर एकत्र गाऊ नका. आवाज मागेपुढे पोचतो आणि दोन्हीकडे गीत फसतं. एका बाजूने गावं, दुसऱ्या बाजूने माइक बंद ठेवून साथ द्यावी. पुण्यात साडेआठ वाजतात तेव्हा दुबईत सात, त्यामुळे आखातातल्यांना रोजही जमतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा किंवा अकरा असतात, तिथल्यांसाठी शनिवार ठेवा.

दशांशाचंही, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग मंडळीला देण्याचंही, नातं याच बैठकीशी आहे. पगार जमा झालेल्या दिवशी पाकीट प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांदेखत बाजूला काढलं की उरल्यातून द्यायची वेळ येत नाही. कर्जाचे हप्ते डोक्यावर असतील तर कमी रकमेने सुरुवात करा, पण ती पहिली काढा. मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ मंडळीसाठी वेगळे काढतात. मुलांच्या हाताने काढायला ही फार चांगली रीत आहे.

अगदी नव्याने सुरू करत असाल तर वीस मिनिटांचा क्रम पहिल्या दिवशी आणू नका. पहिला आठवडा एक स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना, दुसऱ्या आठवड्यात गीत, तिसऱ्यात मार्क, चौथ्यात वही. मार्क संपल्यावर लगेच दुसरं शुभवर्तमान न घेता प्रेषितांची कृत्ये घ्या. अठ्ठावीस अध्याय आहेत, प्रवास आहेत, तुरुंग आहेत, जहाज फुटतं. भिंतीवर नकाशा लावला तर मुलं स्वतःहून पुस्तक काढून ठेवतात. सातव्या अध्यायातलं स्तेफनाचं भाषण मात्र लांब आहे, ते चार दिवसांत वाटून घ्या.