रविवार, पाणी बदलायचा दिवस

माशांची दोन फुटी टाकी म्हणजे 60 × 30 × 30 सेंटिमीटर. हिशेबाने 54 लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी मावतं जेमतेम 45 लिटर. एवढ्यात आठ-दहा गप्पी मासे मजेत राहतात. गोल्डफिशची मात्र जोडीही इथे दाटीच, कारण दुकानात दोन इंची दिसणारा हा मासा सहा-सात इंच होतो आणि घाणही त्याच मापाने करतो. ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर मासा तर फूटभर वाढतो. त्याची घाण कोण काढणार? (आणि मोठा झाला म्हणून त्याला नदीत सोडणं हा शुद्ध अडाणीपणा.) गप्पी घ्यायचे तर नुसते नर. मादी बहुधा दुकानातूनच गाभण येते आणि नंतर एकही नर नसला तरी काही महिने, साधारण चार आठवड्यांनी एकदा, पिल्लं देत राहते.

पाणी नितळ दिसतं म्हणून ते चांगलं असतंच असं नाही. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजलेल्या खाद्यातून येणारा विषारी अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. ही वस्ती जमायला चार-सहा आठवडे लागतात; तोवर मासे दोन-तीनच. टाकी पार रिकामी करून स्पंज नळाखाली खळखळून धुतला, की क्लोरीनने हे जिवाणू मरतात. मग ‘कालच तर सगळं धुतलं होतं, तरी मासे कसे मेले?’ हा ठरलेला प्रश्न.

म्हणून आज फक्त दहा-बारा लिटर. सायफनचं, म्हणजे पाणी ओढून काढायच्या नळीचं, तोंड खडीत खुपसायचं, तपकिरी गाळ वर उसळून नळीत शिरतो, पाणी नितळ यायला लागलं की पुढे सरकायचं. त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज दोन-तीनदा पिळायचा. साबण कुठेच नको. नवं पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवलेलं, किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाकलेलं.

खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. मे महिन्यात त्याहून कमी, कारण 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. त्यात वीज तीन-चार तास गेली तर बंदिस्त फिल्टरमधलं पाणी सडतं. वीज आल्यावर तो तसाच चालू करू नये. आतलं पाणी ओतून, स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून मगच बटण दाबावं.