आवाज आवरणे

ऑपेराच्या तालमीत वाढलेली गायिका पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्या साथीने अमेरिकन ‘स्टँडर्ड्स’ (जुनी, पुन्हापुन्हा गायली जाणारी लोकप्रिय गाणी) गाऊ लागली, की माझे कान आधी शब्दांकडे जातात. ध्वनिवर्धकाशिवाय वाद्यवृंदाच्या पलीकडे पोहोचण्यासाठी घडवलेल्या गळ्यात स्वर भरीव होतात आणि व्यंजने विरघळतात. ही गाणी मात्र बोलण्याच्या अगदी जवळची आहेत. १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण रूढ होऊ लागल्यावर मायक्रोफोनजवळ हलक्या आवाजात गाणे शक्य झाले, आणि अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बी यांच्या गायकीने कानांना तीच सवय लावली. म्हणून इथे आवाज दाखवण्यापेक्षा आवरणे कठीण. ऑपेरा-गायिका रेने फ्लेमिंग यांनी २००५ च्या ध्वनिमुद्रणात फ्रेड हर्श यांचा पियानो आणि बिल फ्रिझेल यांची गिटार सोबत घेऊन, आवाज खालच्या पट्टीत ठेवून हे साधले आहे.

पियानो, व्हायोलिन आणि चेलो या त्रयीची अडचण वेगळी असते. ड्रम नाहीत, डबल बास नाही. लय धरण्याचे काम चेलोच्या छेडलेल्या तारांवर येते. जॅझचा झोका (स्विंग) कागदावर लिहून वाजवू पाहणारी संयोजने मला तरी अवघडलेली वाटतात.

त्रयीचे खरे सामर्थ्य संगीतकार जेरोम कर्न यांच्या ‘ऑल द थिंग्ज यू आर’ या गाण्यात कळते. १९३९ च्या ज्या संगीतनाटकासाठी ते रचले गेले, त्याचे ब्रॉडवेवर जेमतेम ५९ प्रयोग झाले. गाणे मात्र टिकले. त्याच्या मधल्या भागाच्या शेवटी एक स्वर लांबवला जातो, आणि तो तसाच असताना खालचा आधार बदलतो: ई (E) हा पाश्चात्त्य स्वर षड्ज मानल्यास त्याचा शुद्ध गंधार असलेला तो स्वर एफ (F) या षड्जाचा कोमल गंधार होतो. पियानोवर दोन्हींसाठी पट्टी एकच. गळ्याला आणि तारांना मात्र तो दुसऱ्यांदा सूतभर चढा घेता येतो. संयोजकाने तिथे पियानोला क्षणभर गप्प बसवले, तर हा श्रुतिभेद ऐकू येतो. (मी तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा लावून ऐकतो, हे कबूल करायला हरकत नाही.)

शिवाय या गाण्यांच्या आरंभीचा, जॅझवाले बहुधा गाळतात तो प्रास्ताविक ‘व्हर्स’ पाश्चात्त्य शास्त्रीय गायिका पुष्कळदा आवर्जून गातात. मुक्त लयीतला तो भाग ऑपेरातल्या रेसिटेटिव्हच्या (बोलल्यासारख्या गायनाच्या) जवळचा असल्याने तिथे त्यांची तालीम आड येत नाही. उलट शब्द आपसूक पुढे येतात.