आमची वाटचाल: माऊस बाजूला ठेवून

सांगलीत मारुती रोडच्या मागच्या बोळात आम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान थाटलं ते ऐन भारनियमनात. तेव्हा विंडोज एक्सपीचा जमाना होता. ती मशीनमध्ये टाकताना निळा स्क्रीन संपून मशीन रीस्टार्ट झालं की डाव्या बाजूला ३९ मिनिटं दिसायची, आणि जुन्या मशीनवर ती हवी तितकी लांबायची. मध्येच लाइट गेली की बहुतेक वेळा पुन्हा श्रीगणेशा. गिऱ्हाइकाच्या यूपीएसची बॅटरी मशीन नीट बंद करण्यापुरतीच टिकायची.

म्हणून आम्ही हात बसवला. एन्टर, एफ८, एस्केप. जुनं पार्टिशन डी दाबून उडवायचं, एन्टर, मग एल. सी दाबून नवं करायचं आणि फॉरमॅट क्विकच घ्यायचं. स्क्रीन वाचत बसायचं नाही. पुढच्या टप्प्यात सेटअप नाव विचारतो, प्रॉडक्ट की विचारतो, टाइमझोन विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत तसाच थांबून राहतो. आमचा खरा वेळ तिथे जायचा. त्यावर उपाय एक्सपीच्या सीडीतच होता: सपोर्ट, त्यात टूल्स, त्यात डिप्लॉयची कॅब फाइल, आणि तिच्यात सेटअप मॅनेजर. त्यातून विनएनटी.एसआयएफ नावाची फाइल करून फ्लॉपीवर टाकली की सीडीवरून बूट होताना सेटअप ती आपण होऊन वाचतो आणि काही विचारत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाची फ्लॉपी वेगळी, त्यात त्याची स्वतःची ओरिजिनल की, वर पेनाने नाव. त्या फ्लॉप्यांचा डबा अजून काउंटरखाली आहे.

कीबोर्ड टीव्हीएस गोल्ड. ज्याने वापरलाय त्याला सांगायला नको. बटण लागलं की कानाला कळतं, त्यामुळे नजर मॉनिटरवरच राहते. आमचा यूएसबीचा नव्हे, जुन्या गोल पिनचा होता आणि मी तो कधी मोडीत काढू दिला नाही. पुढे २०१५ नंतर इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरचे बोर्ड आले. त्यांवर विंडोज ७ टाकायला गेलं की यूएसबीचा कीबोर्ड आणि माऊस दोन्ही मुके व्हायचे, कारण त्या सेटअपमध्ये नव्या यूएसबी कंट्रोलरचा ड्रायव्हरच नाही. बाकीचे दुकानदार ड्रायव्हर घुसवलेला पेनड्राइव्ह शोधत हिंडत होते. आम्ही गोल पिन लावली आणि काम चालू.

आता जे सांगायचंय ते. एका शिक्षणसंस्थेची तीस मशीनची लॅब आम्हाला मिळाली. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून उधारीवर उचलला. इन्स्टॉलेशनला दुपारी जेवून गेलो. एका मशीनला फ्लॉपी लावायची, ते सुटलं की पुढच्याला, अशा रांगेने संध्याकाळपर्यंत लॅब उभी. बिल दिलं तर कार्यालयातून उत्तर आलं, ‘एका दुपारचं काम, नुसती बटणं तर दाबलीत.’ इन्स्टॉलेशनचा आकडा अर्धा केला आणि मालाचे पैसेही अडवून ठेवले. तिकडे मुंबईचा व्यापारी रोज फोन करत होता. माझा भागीदार पुण्याला नोकरीला गेला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या घरी हप्ते होते.

त्याच सुमारास समोर एक दुकान उघडलं, दर आमच्या निम्मा. एक घोस्ट इमेज, म्हणजे एका मशीनच्या डिस्कची हुबेहूब नक्कल, तीही चोरीच्या कीची, आणि ती सगळ्या मशीनवर ओतायची. पुढच्या वर्षी त्या संस्थेचं देखभालीचं काम त्यांना मिळालं, कारण त्यांची माणसं दोन दिवस लॅबमध्ये बसून दिसली. मशीन चालू केली तर सगळ्यांचं नाव एकच, नेटवर्कवर तेच नाव आधीच आहे असा एरर. तरी आम्हाला बोलावलं नाही. हे मी आजही विसरलो नाही.

दुकान वाचलं ते प्रेसवाल्या काकांमुळे. त्यांचं साप्ताहिक निघायचं आणि डीटीपीचं मशीन नेमकं अंक लावायच्या दिवशी बसलं. मी गेलो, एक्सपी टाकली, पानं लावायचं पेजमेकर टाकलं, मराठी फाँटच्या श्री-लिपीचं डोंगल लावून फाँट तपासले. काका शेजारी खुर्ची घेऊन माझी बोटं बघत होते. बिल किती लावू म्हणून मी चाचरलो, तर म्हणाले, ‘अरे, खिळे जुळवणाऱ्याला आम्ही पानामागे मजुरी द्यायचो. हात वेगवान म्हणून कुणाची मजुरी कापली नाही.’ पूर्ण बिल दिलं, वर वर्षाची देखभाल आगाऊ दिली. त्या पैशांतून मी लॅमिंग्टन रोडचा पहिला हप्ता फेडला.

मग विंडोज ७ आली, ८ आली, १० आली. ती वर्षं बरी गेली. फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह आला आणि एसआयएफच्या जागी ऑटोअनअटेंड.एक्सएमएल, पण पद्धत तीच.

या धंद्यात येणाऱ्या मुलांना सांगतो. पहिला आठवडा माऊस काढून ठेवा. विंडोज आणि आर दाबून डिव्हाइस मॅनेजर, डिस्क मॅनेजमेंट, नेटवर्क कनेक्शन हे त्यांच्या कमांड टाइप करून उघडायला शिका. बूट मेनूची बटणं कंपनीवार पाठ करा: गिगाबाइट आणि डेलला एफ१२, एमएसआयला एफ११, एचपीला एफ९, असूसच्या बोर्डला एफ८. सेटअप अडला तर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडते आणि तिथे डिस्कची मांडणी करणारं डिस्कपार्ट चालतं. पण त्यात अख्खी डिस्क पुसणारं क्लीन लिहिण्याआधी लिस्ट डिस्क करून साइज दोनदा वाचा आणि गिऱ्हाइकाच्या डेटाच्या डिस्कची केबल आधीच काढून ठेवा. वेग तिथे दाखवायचा नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सध्या दुकानात गर्दी आहे. विंडोज ११ साठी मशीन आणण्याआधी तिला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्यात आहे का ते बघा: विंडोज आणि आर, मग टीपीएम.एमएससी. दर मशीनमागे आहे, तासावर नाही, आणि तो फळ्यावर लिहिलेला आहे. काकांचा मुलगा आता प्रेस बघतो. त्याच्या मशीनला तो दर लागत नाही.