फक्कीने आखलेला कोपरा

चौकाचं नाव सांगत नाही, तिथल्या मंडळींशी अजून काम आहे. पुण्यात, कोथरूडच्या बाजूला, बंगले पाडून सोसायट्या झालेल्या भागातला चौक, एवढं पुरे. एका कोपऱ्यावर शाळा, समोर डेअरी आणि मेडिकल, पलीकडे पोह्यांची गाडी. क्षेत्रीय कार्यालयातून आमच्याकडे, म्हणजे रस्ते आखणाऱ्यांकडे, रहिवाशांच्या अर्जांचा गठ्ठा आला होता आणि जवळपास प्रत्येक अर्जात एकच मागणी होती : स्पीड ब्रेकर टाका.

स्पीड ब्रेकरशी माझं वैर नाही, पण तो बांधतात कसा ते रोज बघते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो 3.7 मीटर रुंद आणि मधोमध 10 सेंटिमीटर उंच हवा. त्यावरून ताशी 25 किलोमीटरने गाडी अलगद जाते, त्याहून जोरात गेली की दणका बसतो. आपल्याकडे तेवढीच उंची दीड-दोन फुटांत बसवतात. मग स्कूटरवर मागे बसलेलीचं कंबरडं मोडतं, अँब्युलन्समधला पेशंट कळवळतो आणि मोठ्या टायरची गाडी तशीच निघून जाते.

या चौकाचं दुखणं रस्त्यात नव्हतंच, कोपऱ्यात होतं. जुन्या आखणीत कोपऱ्याची गोलाई 9 मीटर त्रिज्येची ठेवलेली. एवढी मोकळी गोलाई मिळाली की डावीकडे वळणारा ब्रेकवर पाय ठेवत नाही. वर चौकाच्या तोंडाशी रस्ता फाकतो. एरवी 9 मीटरचा असलेला डांबरी पट्टा, माणसं ओलांडतात नेमक्या त्याच जागी 12 मीटरचा झाला होता. म्हणजे गाडी सगळ्यात बेफिकीर असते तिथेच चालणाऱ्याला सगळ्यात जास्त अंतर कापायचं.

कोपरा तोडून बांधायच्या आधी तो आखून बघायचा, असं ठरलं. शनिवारी उजाडता उजाडता फक्की (मैदान आखायची पांढरी पावडर), दोऱ्या आणि रहदारी अडवायचे प्लॅस्टिकचे कोन घेऊन आम्ही पोचलो. गोलाई 4 मीटरवर आणली, दोन्ही बाजूंनी फुटपाथ रस्त्यात पुढे सरकवल्यासारखी पांढरी रेघ मारली, रेघेवर कोन मांडले. ओलांडायचं अंतर 7 मीटर उरलं. कबड्डीचं मैदान आखावं तसं काम चाललेलं बघून डेअरीवाल्याने विचारलंच, ‘‘मॅडम, स्पर्धा कुठली?’’

सकाळी दूध घ्यायला एक आजी येतात. हातात काठी, दुसऱ्या हातात स्टीलची किटली. मी स्टॉपवॉच लावलं. आमच्या गणितात माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो. आजी त्याच्या निम्म्याने चालत होत्या. जुन्या 12 मीटरला त्यांना 20 सेकंद लागले असते. ताशी 40 ने येणारी गाडी तेवढ्या वेळात 220 मीटर येते. त्या वळणावरून 220 मीटर कुणालाच दिसत नाहीत, चष्मा लावूनही नाही. आता 7 मीटरला 12 सेकंद, आणि गाड्या 25 च्या आसपास आल्या तर पुढचे 80 मीटर मोकळे असले की भागतं. ते मात्र दिसतात. आजींना मी यातलं काही सांगितलं नाही. त्या पलीकडे पोचल्यावर म्हणाल्या, ‘‘ही पावडर पायाला लागतेय गं, घरभर होईल.’’

शाळा भरायच्या वेळेला बस आली. डावीकडे वळताना तिचं मागचं चाक आत आलं आणि तीन कोन चिरडून गेलं. समोर दुकानदारांचा घोळका उभाच होता. ‘‘बघा! बस वळत नाही आणि निघाले फुटपाथ रुंद करायला!’’ मोबाइल बाहेर निघाले. ड्रायव्हर खाली उतरला, आता हा शिव्या घालणार असं मला वाटलं. त्याने चपटा झालेला कोन उचलला, वाकून चाकाची खूण बघितली आणि म्हणाला, ‘‘मॅडम, कोपरा ठीक आहे. ती पांढरी गाडी काढा.’’

गल्लीच्या तोंडाशी, आमच्या समोरच्या बाजूला, एक चारचाकी लावलेली होती. बस डावीकडे वळवायची तर पुढचं तोंड आधी गल्लीच्या पार उजवीकडे न्यावं लागतं, म्हणजे मागचं चाक कोपरा सोडून येतं. तोंड न्यायलाच जागा नाही, तर चाक कोपऱ्यावर चढणारच. ‘‘रोजच चढतं,’’ ड्रायव्हर म्हणाला, ‘‘आज कोन होते म्हणून दिसलं.’’ हवालदारांनी गाडीवाल्याला शोधून काढलं, बरीच बाचाबाची झाली, गाडी हलली. पुढची बस कोनांना न शिवता वळली. शेवटचे दोन कोन तेवढे अर्धा फूट आत घेतले, तेही ड्रायव्हरच्याच सांगण्यावरून. मंजुरीच्या बैठकांना या लोकांना का बोलवत नाहीत, मला कळत नाही.

खरी पंचाईत बसने केलीच नाही, स्कूटरने केली. फक्कीच्या आतली जागा मोकळी दिसली आणि दहा वाजायच्या आत तिथे दुचाक्या लागल्या. एक काका तर कोन उचलून बाजूला ठेवून, गाडी लावून, कोन परत जागेवर ठेवून गेले. इतकी शिस्त बघून मला बोलायला शब्द सुचेनात. उपाय म्हणून सगळे बोलार्ड, म्हणजे फुटपाथवर रोवायचे बुटके खांब, सुचवतात. पण दोन बोलार्डमध्ये व्हीलचेअर जाईल एवढी फट हवी, म्हणजे निदान 90 सेंटिमीटर. आणि स्कूटरचं हँडल असतं 70 च्या आसपास. व्हीलचेअरला दार उघडलं की स्कूटरलाही उघडतं, फट आवळली की स्कूटरच्या आधी व्हीलचेअर अडते. याचं बांधकामातलं उत्तर माझ्याकडे नाही. झाड, बाक, पोह्यांची गाडी अशा वस्तूंनी जागा भरलेली असली की दुचाकी शिरत नाही, एवढं बघितलं आहे. म्हणून आराखड्यात पोह्यांची गाडी हलवलेली नाही, मुद्दाम कोपऱ्याच्या आतल्या अंगाला घेतली आहे. अतिक्रमण विभागाशी भांडण तेव्हापासून सुरू आहे.

दुपारी दुकानदारांबरोबर बसलो. पार्किंग गेलं की गिऱ्हाईक गेलं, हा त्यांचा मुद्दा. एक निवृत्त गृहस्थ कात्रणं घेऊनच आले होते : पुणे महापालिकेचं 2016 चं पादचारी धोरण, आणि फुटपाथ हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये म्हटलं ते. मेडिकलवाले शांतपणे म्हणाले, ‘‘हक्क मान्य आहे हो. माल उतरवायचा टेंपो कुठे लावू ते सांगा.’’ मला हा प्रश्न त्या कात्रणांपेक्षा कामाचा वाटला. सकाळी साडेआठपर्यंत माल उतरवायला गल्लीत आखीव जागा, असं लिहून घेतलं आणि आवाज खाली आले.

शाळेसमोर फुटपाथच्या उंचीचं उचललेलं क्रॉसिंग करायचं, हे मुख्याध्यापिकांना पटलं. मुलांना खाली उतरावं लागत नाही, गाडीला चढावं लागतं. पण तिथे उतार शाळेकडे आहे. क्रॉसिंग कडेपर्यंत भरून घेतलं तर जूनमध्ये रस्त्याचं सगळं पाणी शाळेच्या फाटकात. म्हणून दोन्ही कडांना पाणी वाहून जायला चर ठेवून वर जाळी टाकायची. जाळीचे गज वाहतुकीच्या दिशेला आडवे हवेत, नाहीतर सायकलचं चाक अडकतं. चालणाऱ्याची काठीही अडकू नये म्हणून फटी बारीक हव्यात. ठेकेदाराच्या माणसाला हे तीनदा सांगितलं तरी त्याने नकाशात गज उभेच काढले.

प्रस्तावात तीन कोपरे मंजूर झाले आहेत. चौथ्यावर महावितरणची डीपी आहे आणि ती हलवण्याचा खर्च कुणी करायचा यावर पत्रं चालू आहेत. बसचं वळण सुधारून काढलेला नकाशा डेपोकडे पाठवलाय, त्यांचा होकार आला की निविदा निघेल.